साउंड कार्डवरचा एसडीआर: ४० मीटरवर प्रत्येक संकेत दोनदा का दिसतो?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. सॉफ्टवेअरवर चालणारा (एसडीआर) एक लहान रिसीव्हर ४० मीटरसाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यासाठी, किट आणून नुकताच जोडला आहे. त्यातील २८.२२४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची वारंवारता चाराने भागली जाते आणि ७.०५६ मेगाहर्ट्झ हा रिसीव्हरचा मध्य ठरतो. तिथून निघणारे ‘आय’ आणि ‘क्यू’ हे दोन ध्वनिसंकेत स्टिरिओ केबलने संगणकाला द्यायचे आणि पुढचे सगळे काम सॉफ्टवेअरने करायचे, अशी त्याची रचना आहे. मी विंडोजवर एचडीएसडीआर हे सॉफ्टवेअर वापरत आहे. लॅपटॉपला हेडफोन आणि माइक यांसाठी मिळून एकच छिद्र असल्याने केबल योग्य त्या जोडणीने त्यातच दिली आहे.

अडचण अशी की, वॉटरफॉलवर (पडद्यावर वारंवारतेनुसार संकेत दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) मध्याच्या उजवीकडे जे दिसते तेच डावीकडे उलटे दिसते. ७.०७४ ते ७.०७७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एफटी८ या संगणकाने उलगडायच्या संदेशपद्धतीचे संकेत असतात, ते मला दिसतात. परंतु तेवढ्याच ताकदीने ते ७.०३५ ते ७.०३८ या भागातही दिसतात, जिथे मोर्स ऐकू यावे अशी अपेक्षा आहे. किटची जोडणी सगळी तपासली आहे. दोष रिसीव्हरमध्ये आहे की साउंड कार्डमध्ये, हे कसे ओळखावे?

नौपाडा_४०मीटर

दोष बहुधा रिसीव्हरमध्ये नसून त्या छिद्रामध्ये आहे. हेडफोन आणि माइक यांच्या एकत्रित जॅकमध्ये माइकसाठी एकच तार असते, म्हणजे तुमचा लॅपटॉप ‘आय’ आणि ‘क्यू’ यांपैकी एकच संकेत घेत आहे आणि तोच दोन्ही चॅनेलवर सॉफ्टवेअरला देत आहे. खात्री करण्यासाठी किटच्या बाजूने आधी एक तार सोडवा, मग ती जोडून दुसरी सोडवा. एक तार काढल्यावर चित्रात काहीच फरक पडला नाही आणि दुसरी काढल्यावर सगळेच गेले, तर निदान पक्के झाले.

यामागचे कारण थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रकारच्या रिसीव्हरचे सगळे मर्म त्यातच आहे. ७.०७४ मेगाहर्ट्झचा संकेत मध्यापासून १८ किलोहर्ट्झ वर आहे आणि ७.०३८चा तेवढाच खाली आहे. मिश्रणानंतर दोघांचेही १८ किलोहर्ट्झचे ध्वनी होतात आणि एका तारेवर ते वेगळे ओळखता येत नाहीत. फिरणाऱ्या चाकाच्या एका आऱ्याची भिंतीवर पडलेली सावली नुसती वर-खाली होताना दिसते. चाक उलटे फिरते आहे की सुलटे, हे कळायला त्याच आऱ्याची जमिनीवर पडलेली दुसरी सावलीही पाहावी लागते. ‘आय’ आणि ‘क्यू’ या तशा दोन सावल्या आहेत. दोघांमध्ये ९० अंशांचे फेजचे अंतर असते. मध्याच्या वरच्या संकेतासाठी एक चॅनेल पुढे असतो आणि खालच्या संकेतासाठी तोच मागे पडतो, आणि एवढ्या एका माहितीवर सॉफ्टवेअर दोन बाजू वेगळ्या करते. तुमच्या किटमधील ७४एचसी७४ ही चिप हे ९० अंशांचे अंतर तयार करते आणि एफएसटी३२५३ या चिपचे स्विच त्या तालावर अँटेनाचा संकेत उचलतात. साउंड कार्डने दुसरी सावली फेकून दिली, तर त्या दोघांची मेहनत वाया जाते.

ऐरोलीकर

तार सोडवून पाहिली. तुम्ही म्हणता तसेच आहे, डावी तार काढली तरी काहीच बदलत नाही. यूएसबीचे एखादे छोटे साउंड कार्ड लावले तर काम होईल का? लॅमिंग्टन रोडवर अगदी स्वस्तात मिळतात.

कळवा_स्टेशन

सगळ्यात स्वस्त डोंगल घेऊ नका. त्यांतील बहुतेकांत सीएम१०८ किंवा तिच्या कुळातील चिप असते आणि तिचा माइकचा मार्ग एकाच चॅनेलचा असतो, त्यामुळे तुम्ही जिथे आहात तिथेच राहाल. वेष्टनावर ‘स्टिरिओ’ असे लिहिलेले असते ते ऐकण्याच्या बाजूबद्दल असते, ध्वनी आत घेण्याच्या बाजूबद्दल नव्हे.

नौपाडा_४०मीटर

कळवेकरांशी सहमत आहे. ‘स्टिरिओ लाइन-इन’ असलेलेच कार्ड पाहा. माइकच्या जॅकवर माइकला वीज पुरवण्यासाठी दोन-अडीच व्होल्टचा दाब असतो आणि तिथली वर्धनक्षमता काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असते. किटमधून येणारा संकेत त्यापेक्षा बराच मोठा होऊ शकतो आणि जोरदार स्टेशन आले की चित्रात सगळीकडे खोटे संकेत उमटतात. बेहरिंजरचे यूसीए२०२ हे १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचे साधे कार्ड आहे, पण त्याला खरे स्टिरिओ लाइन-इन आहे. असूसचे झोनार यू७ हे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाते. सॅम्पलिंगचा दर (कार्ड सेकंदाला किती वेळा संकेत मोजते तो) जितका, तितक्या रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. ४८ किलोहर्ट्झवर तुम्हाला ७.०३२ ते ७.०८० दिसेल, ९६वर ७.००८ ते ७.१०४ दिसेल आणि १९२वर ६.९६० ते ७.१५२ दिसेल. आपल्याकडे हौशी रेडिओसाठी ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ उपलब्ध आहे. म्हणजे स्थिर क्रिस्टलच्या या किटमधून १९२वरही वरचा भाग बाहेरच राहतो. बोलण्याचे बरेच संकेत तिथे असतात, हे ध्यानात घ्यावे.

चिकित्सक_वाशी

चर्चा चांगली आहे, परंतु मूळ प्रश्नच विचारावासा वाटतो. आरटीएल-एसडीआरचे डोंगल (थेट यूएसबीला लावायचा स्वस्त, रुंद पट्ट्याचा रिसीव्हर) घेतले तर साउंड कार्ड, लाइन-इन, ‘आय’, ‘क्यू’ ही सगळी कटकट संपते आणि सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा एका नजरेत दिसतो. मग २०० किलोहर्ट्झच्या आत अडकून राहण्यात हशील काय?

घोडबंदर_श्रोता

कटकट संपते हे खरे आहे, पण तिच्याबरोबर आणखीही काही संपते. त्या डोंगलमध्ये संकेताचे आकड्यांत ८ बिटचे रूपांतर होते, म्हणजे सिद्धांतानुसार सर्वांत मंद आणि सर्वांत जोरदार संकेतांत सुमारे ५० डेसिबलची व्याप्ती मिळते. तुम्ही म्हणाल की २.४ मेगाहर्ट्झमधून २.४ किलोहर्ट्झचाच तुकडा ऐकायचा असेल, तर गाळणीमुळे ३० डेसिबलचा लाभ होतो आणि बेरीज ८०पर्यंत जाते. हे गणित बरोबर आहे, परंतु ते रूपांतरक ओव्हरलोड होत नाही तोपर्यंतच लागू पडते. ७.२००च्या वर लघुलहरींवरील आकाशवाणी केंद्रांचा पट्टा सुरू होतो आणि संध्याकाळी तिथली काही केंद्रे प्रचंड जोरात येतात. रुंद पट्टा घेणाऱ्या रूपांतरकासमोर ती सगळी एकदम उभी राहतात. ती छाटली गेली की नंतरची कोणतीही गाळणी तो बिघाड दुरुस्त करू शकत नाही. साउंड कार्डाच्या रिसीव्हरमध्ये मात्र त्यांतील बहुतेक केंद्रे रूपांतरकाच्या आधीच, ध्वनिपट्टीच्या गाळणीत गळून पडतात. चांगले २४ बिटचे कार्ड प्रत्यक्षात १००पेक्षा थोडी अधिक डेसिबलची व्याप्ती देते.

शिवाय या डोंगलमधील नेहमीचा ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो. ४० मीटरसाठी एक तर अप-कन्व्हर्टर (संकेत वरच्या वारंवारतेवर नेणारे उपकरण) हवा किंवा ट्यूनर वगळून थेट सॅम्पलिंग हवे, आणि थेट सॅम्पलिंगचा ताल २८.८ मेगाहर्ट्झचा असल्याने १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचे संकेत घडी पडून खाली येतात. विमाने, उपग्रह, व्हीएचएफ असे सगळे पाहायचे असेल तर डोंगलला तोड नाही. एकच पट्टा मन लावून ऐकायचा असेल तर साउंड कार्ड अजूनही चांगला मार्ग आहे. हैदराबादचे अशर फरहान यांच्या एसबिट्एक्स या सेटमध्येही रास्पबेरी पायच्या जोडीला डब्ल्यूएम८७३१ ही ध्वनीचीच चिप आहे.

चिकित्सक_वाशी

ओव्हरलोड होण्याचा मुद्दा मान्य. मात्र २४ बिटचे कौतुक मला अजूनही अनाठायी वाटते. १६ बिटचे गणित ९८ डेसिबल होते. ठाण्यात किंवा वाशीत इमारतीच्या खिडकीतून अँटेना काढली, की एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लिफ्टचे इन्व्हर्टर आणि प्रत्येक घरातील चार्जर मिळून इतका नॉइज देतात की बिट मोजण्याला फारसा अर्थ उरत नाही.

नौपाडा_४०मीटर

यावर वाद घालण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. अँटेना काढून वॉटरफॉलची तळरेषा पाहा, मग अँटेना लावून पाहा. अँटेना लावल्यावर तळ दहा डेसिबल किंवा अधिक वर उचलला जात असेल, तर तुमच्या कार्डाचा स्वतःचा नॉइज बाहेरच्या नॉइजखाली पुरेसा बुडालेला आहे आणि कमकुवत संकेतांसाठी महागड्या कार्डाने काही लाभ होणार नाही. शहरात ४० मीटरवर ही चाचणी जवळजवळ प्रत्येक बऱ्या कार्डाला पार पाडता येते. अँटेना लावूनही तळ हलत नसेल, तर मात्र एक तर पातळी कमी पडते आहे किंवा कार्ड बदलायला हवे. माझ्या मते खरेदीच्या वेळी बिट आणि किलोहर्ट्झ यांच्याआधी एकच गोष्ट विचारावी, ती म्हणजे दोन्ही चॅनेल एकमेकांशी किती जुळलेले आहेत. दुर्दैवाने नेमकी तीच गोष्ट वेष्टनावर छापलेली नसते.

ऐरोलीकर

परिचितांकडून लाइन-इन असलेले एक जुने यूएसबी कार्ड मिळाले (वर सुचवलेल्यांपैकी नाही) आणि आता चित्र बरेच बदलले आहे, परंतु एका नव्या प्रकाराने मी गोंधळलो आहे. मध्याजवळ, म्हणजे ७.०५५ किंवा ७.०५७च्या आसपास, संकेत योग्य बाजूला दिसतात आणि त्यांची इमेज, म्हणजे दुसऱ्या बाजूची उलटी प्रत, अगदी फिकट असते. मध्यापासून दूर जावे तसतशी इमेज ठळक होत जाते आणि एफटी८ तर आता चक्क ७.०३८जवळ जास्त ठळक दिसते व तिच्या खऱ्या जागी मंद दिसते. डावे-उजवे चॅनेल अदलाबदल झाले असावेत असे वाटून ते उलटे करून पाहिले, तर एफटी८ जागेवर आली आणि मध्याजवळचे संकेत चुकीच्या बाजूला गेले.

घोडबंदर_श्रोता

तुम्ही दिलेले वर्णन इतके नेमके आहे की निदान करायला काही उरलेच नाही. चॅनेलची अदलाबदल झाली असती, तर सगळा पट्टा सारखाच उलटला असता. मध्याजवळ बरोबर आणि कडेला उलट, याचा अर्थ त्या कार्डात एक चॅनेल दुसऱ्यापेक्षा एका सॅम्पलने उशिरा येत आहे. काही यूएसबी कार्डांमध्ये हा दोष असतो. गाणी ऐकताना किंवा आवाज मुद्रित करताना तो कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ४८ किलोहर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे अवघे २०.८ मायक्रोसेकंद.

पण आपल्या कामात तेवढ्याने काय होते ते पाहा. मध्यापासून १ किलोहर्ट्झवर त्या उशिराने ७.५ अंशांची फेजची चूक होते, आणि तीही मूळच्या ९० अंशांच्या अंतरावर चढते. १२ किलोहर्ट्झवर ही चूक ९० अंशांची होते, म्हणजे खरा संकेत आणि इमेज समसमान होतात. १८ किलोहर्ट्झवर, नेमकी जिथे तुमची एफटी८ आहे तिथे, चूक १३५ अंशांची होते आणि इमेज खऱ्या संकेतापेक्षा साधारण साडेसात डेसिबलने वरचढ ठरते. तुम्हाला जे दिसत आहे ते याच गणिताचे चित्र आहे.

सॉफ्टवेअरमध्ये फेज आणि पातळी जुळवण्याच्या ज्या दोन सरकत्या पट्ट्या (स्लायडर) असतात, त्यांनी हे सुटणार नाही. त्या सगळ्या पट्ट्याला एकच कोन लावतात. एका वारंवारतेवर इमेज नाहीशी कराल आणि दुसऱ्या ठिकाणी ती वाढवून बसाल. एचडीएसडीआरमध्ये चॅनेल स्क्यू कॅलिब्रेशन नावाची वेगळी सोय आहे, ती दोन चॅनेलमधील वेळेचा फरक भरून काढते. आधी ती लावा आणि मगच फेज व पातळीकडे वळा.

ऐरोलीकर

स्क्यूची दुरुस्ती केल्यावर एफटी८ जागेवर आली आणि ७.०३८जवळ मोर्स ऐकू येऊ लागले! फिकट इमेज अजून शिल्लक आहे, पण ती आता सगळीकडे साधारण सारखीच आहे.

नौपाडा_४०मीटर

आता त्या दोन पट्ट्यांचे काम सुरू होते. अंदाज यावा म्हणून सांगतो: पातळी अगदी जुळलेली असून फेज एका अंशाने चुकली, तर इमेज सुमारे ४१ डेसिबल खाली राहते. फेज बरोबर असून पातळीत एक टक्क्याचा फरक असेल, तर ती सुमारे ४६ डेसिबल खाली असते. एखादा स्थिर आणि जोरदार संकेत घेऊन आधी पातळीची पट्टी हलवून इमेज शक्य तितकी कमी करा, मग फेजची, मग पुन्हा पातळीची. ५० डेसिबलच्या पलीकडे जाण्याचा हट्ट धरू नका, कारण किटमधील कपॅसिटर तापमानाने थोडे बदलतात आणि आज मिळवलेले ६० डेसिबल उद्या दुपारी राहत नाहीत. ऑप-ॲम्पभोवतीचे (किटमधील वर्धक चिपभोवतीचे) रेझिस्टर एक टक्का मेटल फिल्मचे आहेत ना, तेवढे पाहून घ्या.

कळवा_स्टेशन

विंडोजची एक गोष्ट राहून गेली. ध्वनीच्या नियंत्रणात त्या कार्डाच्या रेकॉर्डिंगच्या गुणधर्मांत जाऊन दर आणि बिट स्वतः निवडा आणि ‘सुधारणा’ या नावाखाली जे काही चालू असेल ते सगळे बंद करा. नॉइज कमी करणे, आवाजाची पातळी आपोआप राखणे, प्रतिध्वनी घालवणे या सोयी माणसाच्या बोलण्यासाठी केलेल्या आहेत. त्या दोन्ही चॅनेलवर वेगवेगळा परिणाम करतात आणि आपले फेजचे गणित बिघडवतात. विंडोजमध्ये ४८ निवडलेले आणि एसडीआरमध्ये ९६ मागितलेले असेल, तर विंडोज गुपचूप दर बदलून देते आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा रिकाम्या दिसतात. कार्डासोबत एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजची मधली ध्वनिव्यवस्था टाळणारा) असेल तर तोच वापरा. लिनक्सवर क्विस्क हे एसडीआर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही अल्सा या ध्वनिव्यवस्थेमधून थेट हार्डवेअरचे उपकरण निवडावे, मधली भाषांतरे टाळावीत.

ऐरोलीकर

सूचना अमलात आणल्या, सर्वांचे आभार. आता मध्याच्या अगदी जवळ एक जाड उभा पट्टा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर बारीक रेघा दिसतात. हे रेल्वेमुळे असेल का? ठाणे–वाशी मार्ग इमारतीपासून फार दूर नाही आणि वरच्या तारांत २५ किलोव्होल्ट आहेत.

घोडबंदर_श्रोता

रेल्वेवर इतक्या लवकर आरोप करू नका. पेंटोग्राफच्या ठिणग्यांचा नॉइज संपूर्ण पट्टाभर पसरतो आणि गाडी गेली की ओसरतो. तो मध्याला चिकटून बसत नाही. मध्यावरचा जाड पट्टा हा ऑप-ॲम्प आणि कार्डाचा कमी वारंवारतेचा नॉइज असतो. तो प्रत्येक साउंड कार्डाच्या रिसीव्हरमध्ये थोडाफार असतोच. ऐकायचा संकेत मध्यापासून काही किलोहर्ट्झ दूर ठेवावा, हाच त्यावर उपाय. बारीक रेघांचे अंतर मोजा. ५० किंवा १०० हर्ट्झच्या अंतराने असतील तर ती घरच्या विजेची घरघर आहे, आणि १ किलोहर्ट्झच्या अंतराने असतील तर यूएसबीचा एक मिलिसेकंदाचा ताल जमिनीच्या तारेतून आत शिरत आहे.

घरघर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने रेघा जातात, कारण चार्जर, लॅपटॉप, रिसीव्हर आणि अँटेनाची जमीन यांचे एक वेटोळे तयार झालेले असते. किटला यूएसबीचे ५ व्होल्ट देत असाल तर तेही थांबवा आणि वेगळी बॅटरी किंवा साध्या ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा वापरा. ध्वनीच्या दोन्ही तारांत विलगीकरणाचे ट्रान्सफॉर्मर घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो मला पसंत नाही. स्वस्त ट्रान्सफॉर्मरची जोडी फेजमध्ये एकमेकांशी जुळत नाही आणि इतक्या कष्टाने घालवलेली इमेज परत येते. विलगीकरण यूएसबीच्या बाजूला करावे.

पनवेलची_लहर

विद्युत अडथळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे अवांतर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी अलिबागला हलवाव्या लागल्या आणि १९०४ साली तिथे वेधशाळा सुरू झाली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज आमच्या नवीन पनवेलमध्ये आहे. आपल्या तक्रारीला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे म्हणायची.

मूळ विषयाला धरून एक प्रयोग सुचवते. ९६ किलोहर्ट्झच्या कार्डाला रिसीव्हरशिवायच तारेच्या अनेक वेढ्यांची लूप अँटेना एका साध्या प्रीॲम्पमधून जोडली, तर कार्ड स्वतःच ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा रिसीव्हर बनते. तमिळनाडूतील विजयनारायणम् येथील आपल्या नौदलाचे १८.२ किलोहर्ट्झचे केंद्र आणि ऑस्ट्रेलियातील नॉर्थ वेस्ट केपचे १९.८ किलोहर्ट्झचे केंद्र यांसाठी स्पेक्ट्रम लॅब हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. दिवसा सौरज्वाला उसळली की आयनांबराचा खालचा थर बदलतो आणि या केंद्रांची पातळी काही मिनिटांत सरकते, ती आलेखावर टिपता येते. यासाठी इमेजची भानगडच नसल्याने एका चॅनेलचे कार्डही चालते. प्रीॲम्पच्या तोंडाशी उलटसुलट जोडलेले दोन डायोड मात्र अवश्य घालावेत. पावसाळ्यात उघड्यावरची लांब तार थेट कार्डाला जोडणे धोक्याचे आहे.

ऐरोलीकर

रेघा १०० हर्ट्झच्या अंतराने होत्या आणि चार्जर काढताच गेल्या. आता शेवटचा प्रश्न. एफटी८ उलगडण्यासाठी एचडीएसडीआरमधून डब्ल्यूएसजेटी-एक्सला आवाज कसा द्यावा? स्पीकरच्या तारेने परत त्याच कार्डात आणावा का?

कळवा_स्टेशन

तसे करू नका, त्या कार्डाचे लाइन-इन आधीच ‘आय’ आणि ‘क्यू’ यांनी व्यापलेले आहे. व्हीबी-केबलसारखी आभासी ध्वनिकेबल बसवा, एचडीएसडीआरचे आउटपुट तिच्यात सोडा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सचे इनपुट तिच्यातून घ्या. दोन्हीकडे दर ४८००० हर्ट्झ ठेवा. एचडीएसडीआरमध्ये ट्यूनिंग ७.०७४, मोड यूएसबी (इथे अर्थ अप्पर साइडबँड, केबलचा यूएसबी नव्हे) आणि गाळणी ३ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावी.

उलगडा होत असेल पण डीटीच्या (वेळेतील फरकाच्या) रकान्यात सगळ्याच स्टेशनांपुढे सारखाच मोठा आकडा दिसत असेल, तर आधी संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवा, कारण एफटी८ची पंधरा सेकंदांची पाळी घड्याळावरच चालते. घड्याळ बरोबर असूनही फरक राहिला, तर तो एसडीआरच्या बफरमधून (आवाज तात्पुरता साठवण्याच्या जागेतून) आलेला उशीर असतो. बफर एकेक पायरी कमी करत जा. वॉटरफॉल अडखळू लागला की एक पायरी मागे या आणि तिथेच थांबा.